शासकीय प्रसिद्धी : खात्याची माणसे की बाहेरचे कंत्राटदार?

मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक शासन निर्णय काढला आणि त्यावरून गदारोळ उठताच लगोलग तो मागेही घेतला. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांची समाजमाध्यमांवरील खाती सांभाळण्यासाठी बाहेरची संस्था नेमावी आणि त्यावर सुमारे ६ कोटी रुपये खर्च करावेत, असा तो निर्णय होता. करोनाची दुसरी लाट भरात होती, रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या. अशा दिवसांत हा खर्च कोणाला रुचणे शक्यच नव्हते. अशा स्वतंत्र यंत्रणेची आपल्याला आवश्यकता नाही, असे खुद्द पवार यांनीच जाहीर केले आणि विषय तेथेच मिटला.

प्रश्न मात्र तसाच राहिला. बाहेरची संस्था का हवी याचे कारण देताना शासनाने असे म्हटले होते की, समाजमाध्यमे हाताळण्यासाठी लागणारे व्यावसायिक व तांत्रिक मनुष्यबळ माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे नाही. टीकेचा सारा भर ६ कोटींवर राहिला, या कबुलीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मंत्रालयापासून जिल्ह्यापर्यंत कार्यालये असलेले, ‘लोकराज्य’ मासिक चालविणारे, आकाशवाणीसाठी ‘दिलखुलास’ आणि दूरदर्शनसाठी ‘जय महाराष्ट्र’ हे कार्यक्रम तयार करणारे एक संपूर्ण खाते हाताशी असताना शासनाला आपले म्हणणे मांडण्यासाठी बाहेर जावेसे वाटावे, हे कशामुळे? आणि जायचेच झाले तर कोणत्या कामासाठी जावे व कोणते काम कधीच बाहेर देऊ नये?

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘खाजगीकरण चांगले की वाईट’ या ठरीव वळणाने जाते. जगभरचा आणि आपला स्वतःचाही अनुभव पाहिला तर खरी वाटणी वेगळ्याच जागी होते, असे दिसते.

एका नावाखाली अनेक कामे

‘प्रसिद्धी’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्याच्या पोटात परस्परांशी फारसे साम्य नसलेली कामे असतात. मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर निर्णयांचे टिपण काढणे हे एक. वार्ताहरांच्या अडचणीच्या प्रश्नांना उत्तर देणे हे दुसरे. योजनेची जाहिरात लिहिणे, तिचे चित्रण करणे, वर्तमानपत्रांत जागा आणि वाहिन्यांवर वेळ विकत घेणे ही आणखी वेगळी. कोयना किंवा उजनी धरणातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना सूचना देणे हेही शासकीय संज्ञापनच. शिवाय लोक काय म्हणत आहेत हे ऐकून, कात्रणे काढून ती संबंधित सचिवापुढे ठेवणे, हे तर या खात्यांचे सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित काम होय.

धरणाचा विसर्ग किती याची सूचना कोणी कंत्राटदाराच्या हवाली करणार नाही, आणि तीस सेकंदांच्या चित्रफितीसाठी खात्याने स्वतःचे चित्रीकरणगृह बांधावे असेही आज कोणी म्हणणार नाही. वाद या दोन टोकांच्या मधल्या कामांचा आहे.

स्वतंत्र भारताने प्रारंभी जवळजवळ सगळेच काम आपल्या हाती ठेवले होते. पत्र सूचना कार्यालयाचे मूळ १९१९ सालचे, म्हणजे ब्रिटिश अमदानीतले. त्यात १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची, १९५३ साली क्षेत्रीय प्रसिद्धी यंत्रणेची, १९५४ साली गीत व नाटक विभागाची आणि १९५५ साली जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालयाची भर पडली. पंचवार्षिक योजना लोकांना समजावून सांगायच्या तर चित्रकार, संहितालेखक, कॅमेरामन, शाहीर हे सगळे सरकारी नोकरीत हवेत, अशी ती कल्पना होती. आज ती विचित्र वाटेल. त्या काळी मात्र खाजगी जाहिरात व्यवसाय मोठ्या शहरांपुरता आणि बव्हंशी इंग्रजीपुरता होता. साबण विकणाऱ्या संस्थेकडे गडचिरोलीच्या खेड्यापर्यंत जाण्याचा मार्गच नव्हता.

लाल त्रिकोणाचे उदाहरण

या सरकारी यंत्रणेने नेमके काय साधले, हे पाहायचे तर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवावा. एसटीच्या थांब्यांवर, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर तो वर्षानुवर्षे होता. साठच्या दशकात कुटुंबनियोजन खात्यातील प्रसिद्धीचे काम पाहणारे दीप त्यागी या अधिकाऱ्याने ते चिन्ह रूढ केले. आईबाप आणि दोन मुले यांचे चार साधे चेहरे, दोन-तीन मुलांवर थांबा एवढाच मजकूर, आणि देशभर सर्वत्र तेच चित्र. त्यांच्यासोबत फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर होते. म्हणजे सल्ला बाहेरचा होता, परंतु काय सांगायचे आणि किती साधे सांगायचे याचा निर्णय खात्यातल्या माणसाचा होता आणि तो पाळला जाईल हे पाहण्याचे अधिकारही त्याच्याकडेच होते.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. १९६८ साली ‘निरोध’ स्वस्त दरात बाजारात आणायचे ठरले तेव्हा शासनाने स्वतःची दुकाने काढली नाहीत. हिंदुस्थान लिव्हर, लिप्टन, ब्रुक बाँड, टाटा ऑइल मिल्स, युनियन कार्बाइड आणि आयटीसी या कंपन्यांच्या वितरणजाळ्यातून, म्हणजे चहा, साबण, विजेऱ्यांचे सेल आणि सिगारेट जेथे पोहोचतात त्या प्रत्येक टपरीपर्यंत, ते नेण्यात आले. जे कौशल्य खात्याकडे नव्हते आणि निर्माण करण्यात अर्थही नव्हता, ते बाहेरून घेतले. अधिकारी आपले, जाळे दुसऱ्याचे. ही वाटणी इतकी स्वच्छ होती की, तिच्यावरून तेव्हा वाद झाल्याचेही कोणाला आठवत नाही.

मुंबईत पेडर रोडवर असलेल्या फिल्म्स डिव्हिजनचीही कथा अशीच मिश्र आहे. ‘युनेस्को’तून आलेल्या जाँ भावनगरींनी साठच्या दशकात तेथे मोकळे वारे आणले. प्रमोद पती आणि एस. एन. एस. शास्त्री हे नोकरीतले दिग्दर्शक होते. ‘इंडिया ६७’ करणारे सुखदेव मात्र बाहेरचे, स्वतंत्र निर्माते. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट एका पिढीच्या कायमचा लक्षात राहिला आहे. मुळे स्वतः सरकारी सेवेतल्या, शैक्षणिक तंत्रज्ञानाचे काम पाहणाऱ्या. चलत्चित्रे काढली भीमसेन या स्वतंत्र कलावंताने आणि संगीत वसंत देसाई यांचे. मुलांना काय सांगायचे हे पुरते ठाऊक असलेली बाई खात्यात बसलेली होती, म्हणून बाहेरच्या उत्तम कलावंतांचे चीज झाले.

‘अतुल्य’ आणि ‘लखलखता’

नव्या शतकाच्या आरंभीच्या दोन मोहिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही एकाच केंद्र सरकारच्या, दोन्ही नामांकित खाजगी जाहिरात संस्थांनी केलेल्या. २००२ साली पर्यटन मंत्रालयाने ‘इन्क्रेडिबल इंडिया’ सुरू केली. मंत्रालयाच्या बाजूने सहसचिव अमिताभ कांत होते आणि संस्थेच्या बाजूने ओगिल्व्ही अँड मेदरच्या दिल्ली शाखेतील व्ही. सुनील. कांत यांनी त्यापूर्वी केरळच्या पर्यटन खात्याचे काम केले होते. परदेशी प्रवाशाला काय दाखवायचे आणि परदेशांतील पर्यटन कार्यालयांनी आपापल्या मर्जीने वेगवेगळ्या जाहिराती करण्याची जुनी पद्धत का मोडायची, हे त्यांना ठाऊक होते. ही मोहीम सरकारे बदलल्यानंतरही टिकली.

‘इंडिया शायनिंग’ ही दुसरी. ग्रे वर्ल्डवाइड या संस्थेने केलेली ती मोहीम २००३ च्या अखेरीस सुरू झाली. कारागिरी उत्तमच होती, त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. परंतु सार्वजनिक निवडणुका तोंडावर असताना सरकारी पैशाने देश लखलखत असल्याचे सांगणे ही माहिती की प्रचार, हा प्रश्न विचारला जाणे अपरिहार्य होते. निवडणूक होईपर्यंत ती प्रसारित करण्यास निवडणूक आयोगाने मनाई केली आणि मे २००४ मध्ये सत्ताधारी आघाडी पराभूत झाली. जाहिरात संस्थेला दोष देणे येथे गैर ठरेल. ग्राहकाने मागितले ते तिने दिले. ‘हे सरकारी खर्चाने करता येणार नाही’ असे सांगण्याचे काम तिचे नव्हते. ते काम खात्यातल्या, नोकरीची शाश्वती असलेल्या माणसाचे असते.

अर्थात ती शाश्वती असली म्हणजे तो तसे सांगतोच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आणीबाणीचा काळ त्याला साक्ष आहे. पत्र सूचना कार्यालय, आकाशवाणी, दूरदर्शन, फिल्म्स डिव्हिजन ही सगळी ‘घरची’ यंत्रणा तेव्हा एका व्यक्तीच्या आणि पक्षाच्या गुणगानाला जुंपली गेली. वर्तमानपत्रांची अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशी वर्गवारी करून त्यानुसार जाहिराती देण्याघेण्याचे उद्योग झाले. जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये काढलेली श्वेतपत्रिका आणि नंतर शहा आयोगाचा अहवाल यांत हे सारे नोंदले गेले आहे. त्यासाठी कोणत्याही खाजगी संस्थेची गरज भासली नव्हती.

या बाबतीत खरा अंकुश पुढे न्यायालयाने लावला. १३ मे २०१५ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शासकीय जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचा मसुदा एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केला होता. जाहिरातीचा शासनाच्या जबाबदारीशी संबंध हवा, मांडणी वस्तुनिष्ठ हवी, तिने सत्ताधारी पक्षाचा राजकीय लाभ साधू नये, खर्च समर्थनीय हवा, असा त्यांचा गाभा आहे. छायाचित्रांवर घातलेले कडक बंधन मार्च २०१६ मध्ये सैल होऊन मुख्यमंत्री, राज्यपाल आणि संबंधित मंत्री यांनाही जागा मिळाली, हा भाग निराळा. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ही तत्त्वे पाळण्याचे उत्तरदायित्व शासनावर आहे. जाहिरात कोणाच्याही संगणकावर तयार झालेली असो, न्यायालयात उभा राहतो तो सचिव.

स्वस्त कोणते?

बाहेरून काम करून घेणे स्वस्त पडते, हा युक्तिवाद प्रत्येक प्रस्तावात असतो. कायम कर्मचाऱ्याचे वेतन, भत्ते, निवृत्तीचे लाभ हे सगळे तीस वर्षांचे ओझे; कंत्राट वर्षाचे. हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे. जाहिरात सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, कर्मचाऱ्याच्या पगारावर तो लागत नाही. निविदा काढणे, ती उघडणे, हरकती निकाली काढणे यांत महिने जातात आणि त्या महिन्यांचा पगार खात्याच्याच माणसांना द्यावा लागतो. संस्था बदलली की योजनेची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यायची.

त्याहून मोठी अडचण मोबदल्याच्या पद्धतीत आहे. छापील माध्यमांत जाहिरात संस्थेला १५ टक्के दलाली देण्याची रीत जुनी आहे. खर्चाच्या प्रमाणात मोबदला मिळणारी संस्था ‘यंदा जाहिरात नको, तलाठ्यालाच सांगू द्या’ असा सल्ला देण्याची शक्यता किती? उलट टोकाला, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देण्याचा सरकारी शिरस्ता आहे. रस्त्याच्या खडीला तो चालतो, लेखनाला चालत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी सल्लासेवांसाठी गुणवत्ता आणि किंमत अशी जोड कसोटी मान्य केली असून गुणवत्तेला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येते. ही सुधारणा चांगलीच आहे. परंतु ती गुणवत्ता तपासणार कोण? निविदा समितीतील ज्या अधिकाऱ्याने आयुष्यात कधी जाहिरात लिहिली नाही, वृत्त संपादित केले नाही, त्याच्यासमोर देखणे सादरीकरण झाले की गुण पडतात. पारखी माणूस घरात नसेल तर बाजारात जाऊन उपयोग नाही, ही अडचण सोन्याच्या खरेदीइतकीच जुनी आहे.

कॅनडाचा धडा

पारखी माणूस नसला, किंवा असून त्याला बाजूला सारले, की काय होते, याचा या विषयातील सर्वांत सविस्तर नोंदलेला दाखला कॅनडाचा आहे. १९९५ च्या सार्वमतात क्यूबेक प्रांत वेगळा होता होता राहिला. विभाजनवाद्यांना ४९.४२ टक्के मते पडली होती. हादरलेल्या केंद्र सरकारने क्यूबेकमध्ये आपले अस्तित्व ठळक करण्यासाठी जत्रा, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव यांना प्रायोजकत्व देण्याची योजना आखली. अट एकच, समारंभात कॅनडाचा झेंडा आणि सरकारचे बोधचिन्ह दिसले पाहिजे. हे पैसे थेट आयोजकांना न देता जाहिरात आणि जनसंपर्क संस्थांमार्फत दिले जात. संस्थेला १२ टक्के दलाली आणि पैसे पुढे पाठविणाऱ्या दुसऱ्या संस्थेला ३ टक्के, शिवाय ‘निर्मितीखर्च’ वेगळा.

सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक लहानसा कक्ष हे सारे पाहत होता आणि खात्याच्या नेहमीच्या तपासणीची साखळी त्याला लागू होत नव्हती. ज्याने संस्था निवडायची, त्यानेच काम झाल्याचा दाखला द्यायचा आणि त्यानेच देयक मंजूर करायचे. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी २००२ मध्ये एका संस्थेला दिलेल्या तीन कंत्राटांची तपासणी केली तेव्हा त्यांतील एका अहवालाची प्रतही सापडली नाही. पैसे मात्र चुकते झाले होते. फेब्रुवारी २००४ च्या त्यांच्या अहवालाने देश ढवळून निघाला. सुमारे २५ कोटी डॉलरच्या कार्यक्रमातील १० कोटींहून अधिक रक्कम संस्थांना शुल्क आणि दलालीपोटी गेली होती. न्यायमूर्ती गोमेरी यांचा चौकशी आयोग नेमला गेला, कक्षाचा प्रमुख आणि एका संस्थेचा मालक यांना शिक्षा झाल्या आणि जानेवारी २००६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची सत्ता गेली.

या प्रकरणाचा अर्थ ‘कंत्राटदार चोर असतात’ असा लावण्याचा मोह होतो. पण फ्रेझर यांचे अधिक कडक ताशेरे अधिकाऱ्यांवर होते. करार लिहिणारी, काम मोजणारी आणि देयक अडविणारी खात्याची माणसे त्या जागी राहिलीच नव्हती. काम बाहेर गेले, एवढ्यावर थांबले असते तर निभावले असते. काम तपासण्याची शक्तीही त्याच्याबरोबर बाहेर गेली.

अमेरिकेत त्याच सुमारास उघड झालेले प्रकरण आकाराने लहान, पण जातीने अधिक चिंताजनक म्हणावे लागेल. शिक्षण खात्याने केचम या जनसंपर्क संस्थेला कंत्राट दिले होते. त्यातूनच एका स्तंभलेखक-भाष्यकाराला सरकारच्या शिक्षण कायद्याची भलामण करण्यासाठी २ लाख ४० हजार डॉलरचा करार मिळाला. वाचक-प्रेक्षकांना याची कल्पना नव्हती. सप्टेंबर २००५ मध्ये तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने हा छुपा प्रचार आणि म्हणून बेकायदा खर्च असल्याचा निर्वाळा दिला. गंमत अशी की, खास मंजुरीखेरीज सरकारी पैशातून ‘प्रसिद्धीतज्ज्ञ’ नेमू नयेत, असा कायदा अमेरिकेत १९१३ पासून आहे.

ब्रिटनने मधला मार्ग काढला होता. १९४६ साली स्थापन झालेले सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन हे स्वतः फारसे चित्रपट काढीत नसे. बाहेरच्या निर्मात्यांकडून ते काढून घेई. त्याची खरी मालमत्ता म्हणजे सरकारच्या वतीने खरेदी करणारी जाणती माणसे. सर्व मंत्रालयांची जाहिरातखरेदी एकत्र झाल्याने घासाघीसही चांगली करता येई. आर्थिक काटकसरीच्या लाटेत मार्च २०१२ अखेर हे कार्यालय बंद झाले आणि त्याचे काम कॅबिनेट ऑफिस व मंत्रालयांत वाटले गेले. पुढे सर्व मंत्रालयांतील संज्ञापन अधिकाऱ्यांची एक सामाईक सेवा उभी करावी लागली, यावरून पोकळी कोठे निर्माण झाली होती ते समजते.

खुर्चीवर बसलेला कंत्राटदार

आपल्याकडे या दोहोंखेरीज एक तिसरा प्रकार फोफावला आहे. माणूस कार्यालयात येतो, खात्याच्याच टेबलावर बसतो, खात्याच्या नावाने मजकूर लिहितो, पण तो कर्मचारी नसतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘बेसिल’ ही कंपनी १९९५ साली प्रसारण अभियांत्रिकीच्या सल्ल्यासाठी स्थापन झाली. आज ती निरनिराळ्या सरकारी कार्यालयांना कंत्राटी मनुष्यबळ पुरविते, त्यात मजकूरलेखक आणि समाजमाध्यमांचे काम पाहणारेही आले. २०१८ मध्ये याच कंपनीमार्फत ‘सोशल मीडिया कम्युनिकेशन हब’ उभारण्याची निविदा निघाली होती. जिल्ह्याजिल्ह्यात कंत्राटी माणसे नेमून लोक समाजमाध्यमांवर काय बोलतात याचा मागोवा घ्यायचा, अशी ती योजना. हे तर पाळत ठेवणारे राज्य उभारण्यासारखे होईल, असा शेरा सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीत मारल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ती मागे घेतली. लोकांचे ऐकणे आणि लोकांवर पाळत ठेवणे यांतील सीमा पुसट असते. ज्याला सेवानियम लागू नाहीत आणि वर्षभराने जो दुसरीकडे असेल, त्याच्या हाती ती सोपविणे अधिकच धोक्याचे.

महाराष्ट्रातही अकरा महिन्यांच्या नेमणुका, बाह्यस्रोत संस्था हे शब्द आता कार्यालयीन बोलीत रुळले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय कामांसाठी नऊ संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय झाला आणि तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री योजनादूत’ ही नवी जात जन्माला आली. ५० हजार तरुणांनी दरमहा १० हजार रुपये मानधनावर सहा महिने गावोगाव शासनाच्या योजना समजावून सांगायच्या, अशी ती कल्पना. विधानसभेची निवडणूक समोर दिसत असताना ती आल्याने तिच्यावर व्हायची ती टीका झालीच. तो वाद बाजूला ठेवला तरी असा प्रश्न पडतो की, ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका आणि आशा एवढी माणसे गावात असताना योजना गावापर्यंत पोहोचत नसेल, तर ती अडते कोठे? बहुतेक वेळा माहिती अडत नाही. अडतो तो अर्ज, दाखला किंवा निधी. त्यावर कोणतीही प्रसिद्धी हे औषध नव्हे.

भाषेचा मुद्दा

या सगळ्यात मराठी वाचकाला रोज जाणवणारी, पण कोणत्याही प्रस्तावात न लिहिलेली एक बाब आहे. दिल्लीत किंवा मुंबईत इंग्रजीतून सुचलेली जाहिरात हिंदीमार्गे मराठीत येते तेव्हा तिची काय दशा होते, ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाहावे. हिंदी क्रियापदे मराठी प्रत्यय लावून उभी केलेली असतात, शुद्धलेखनाविषयी तर बोलायलाच नको. संस्थेच्या दृष्टीने मराठी ही बारा भाषांतली एक ओळ असते. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, भाषा संचालनालय त्याहून जुने आहे. तरीही जाहिरातीच्या करारात मराठी मजकूर मुळात मराठीत लिहिला जावा आणि तो जाणकाराने तपासावा, अशी अट सहसा नसते.

मराठीच्याही आत पुन्हा पदर आहेत. मेळघाटात कोरकू बोलली जाते, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली. कुपोषणाविषयी किंवा लसीविषयी तेथे काही सांगायचे तर ते कोणाच्या तोंडून, कोणत्या बाजाराच्या दिवशी सांगावे, हे जिल्हा माहिती अधिकाऱ्याला ठाऊक असू शकते. तो तेथे काही वर्षे टिकला आणि त्याचे पद रिक्त नसले तर. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-दोन जिल्ह्यांचा कार्यभार दिला की हे ज्ञान जमत नाही. मग तो पालकमंत्र्यांच्या दौऱ्याची छायाचित्रे पाठविण्यापुरता उरतो. केंद्राच्या गीत व नाटक विभागाने या बाबतीत चांगला पायंडा पाडला होता. त्याची स्वतःची पथके होती आणि त्याखेरीज नोंदणीकृत खाजगी कलापथके कार्यक्रमागणिक मानधनावर बोलाविली जात. शाहीर नोकर नव्हता, पण त्याला बोलाविणारा अधिकारी त्याचा पोवाडा ऐकून पारखू शकत होता. हा विभाग, क्षेत्रीय प्रसिद्धी आणि जाहिरात संचालनालय यांचे डिसेंबर २०१७ मध्ये एकत्रीकरण झाले. फिल्म्स डिव्हिजन मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. एकत्रीकरणाने पाट्या कमी झाल्या. पारखणारी माणसे किती राहिली, हे पाहायला हवे.

करारात काय असावे

तेव्हा बाहेर जायचे झाल्यास काही गोष्टी करारातच बांधून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे खात्यांची मालकी. मंत्र्याचे किंवा विभागाचे समाजमाध्यमांवरील खाते शासनाच्या ई-मेलवर नोंदलेले असावे आणि त्याचा संकेतशब्द खात्यातील नावानिशी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असावा. कोणतीही सूचना त्याच्या संमतीविना प्रसिद्ध होऊ नये. पूर, साथ, दंगल अशा प्रसंगी तर संस्थेचा हात त्यापासून पूर्णपणे दूर असावा. एखाद्या राजकीय पक्षाचे निवडणुकीचे काम त्याच काळात करणाऱ्या संस्थेला त्या सरकारचे काम देऊ नये. निदान तसे काम चालू असल्याचे जाहीर करण्याची सक्ती असावी. मोबदला माध्यमखर्चाच्या टक्केवारीने न देता कामाच्या मोजमापाने द्यावा. निवड करणारा, काम झाल्याचे प्रमाणित करणारा आणि देयक मंजूर करणारा हे तीन वेगळे अधिकारी असावेत, हे कॅनडाने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

दुसरा भाग दस्तऐवजांचा. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार शासनाच्या निर्देशाखाली झालेल्या कामाचा पहिला मालक शासन असते, पण विरुद्ध करार नसेल तरच. म्हणून करारातील ते कलम वाचून सही करावी. तयार चित्रफीत मिळाली म्हणजे सगळे मिळाले असे नाही. मूळ चित्रण, छायाचित्रे, रेखाटनांच्या संगणकीय धारिका, लोकांनी पाठविलेल्या तक्रारींची नोंद हेही ताब्यात घ्यावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ सालचा आहे. मंत्र्याने समाजमाध्यमावर केलेली घोषणा हाही अभिलेखच मानून जतन केला पाहिजे. फिल्म्स डिव्हिजनच्या संग्रहातील हजारो चित्रपट आज पाहायला मिळतात, याचे श्रेय त्या एका इमारतीत डबे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना आहे. वर्षाच्या कंत्राटावर आलेल्या संस्थेला डबे सांभाळण्याचे कारण नसते.

राहिला २०२१ च्या त्या कबुलीचा प्रश्न. समाजमाध्यमे हाताळणारी माणसे खात्यात नसतील तर सेवाप्रवेश नियम बदलून दृश्यमांडणी, चित्रफीत संपादन, माहितीचे विश्लेषण यांसाठी पदे निर्माण करता येतात, आणि ती भरली जाईपर्यंत बाहेरची संस्था ठरावीक मुदतीसाठी घेता येते. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत खात्यातील किती जणांना काम शिकविले, यावर शेवटचे देयक अवलंबून ठेवता येते. अशा निविदा निघत नाहीत, कारण पद निर्माण करण्याचा प्रस्ताव वित्त विभागात वर्षानुवर्षे फिरतो आणि कंत्राटाचा प्रस्ताव आठवड्याभरात मंजूर होतो.